ताईची अर्धशिशी आणि माझं डोकं

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार तुला तुझ्या जुन्या विद्यार्थिनी पाठवत असतीलच, माझ्याकडून ते नकोत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालीस तरी घंटा अजून तुझीच वाजते. आता तर माझी पोरगीही तुझ्या वर्गात जाऊन बसली आहे.

तिचाच फोन आला होता परवा. "आई, बरी आहेस ना?" एवढं म्हणून होतंय न होतंय तोच, "अगं, मावशीला अर्धशिशी उठली होती. मी शाळेत रजा टाकली. पडदे ओढले, कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवली, पाय चेपत बसले."

मी म्हटलं, "छान केलंस." दुसरं काय म्हणणार?

ही तीच मनी ना गं, जिला माझ्याकडे असताना स्वतःची कपबशी विसळ म्हटलं की कपाळावर आठ्या पडायच्या? माझ्या दुकानात, माझ्या मांडीवर बसून ती सुई धरायला शिकली. सिगारेटने जळलेल्या कोटावर मी रफू केलं की धागा कुठे डोकावतोय ते तिला माझ्याआधी दिसायचं. दुकान तिच्याच हातात जायचं होतं. दोन वर्षांपूर्वी तू मला एका शब्दाने न विचारता तुझ्या शाळेत तिच्यासाठी चित्रकलेच्या बाईंची जागा शोधलीस, आणि पोरगी बॅग भरून निघाली. त्यावरून आपण काय काय बोललो ते उगाळत नाही. फोन मात्र करणार नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

आणि तुझी ती अर्धशिशी! शाळेत असताना ती पहिल्यांदा आली आणि घराची मालकीणच होऊन बसली. ती आली की रेडिओ बंद. बाबा घरात मोजे घालून चालायचे. आई भांडी फडक्यात गुंडाळून ठेवायची. आणि मला काय? "मुंगे, जा बाहेर, ताईला त्रास होतोय." बाहेर थंडी असो नाहीतर कडक ऊन, मुंगी अंगणात. एकदा मीही डोकं धरून कण्हून पाहिलं. आईने कपाळाला हात लावला. "ताप नाही. ऊठ, दूध घेऊन ये." संपलं माझं आजारपण.

तर आता ऐक. गेले काही आठवडे माझं डोकं दुखतंय. डावं कानशील. आजवर मला डोकं आहे हेच कधी जाणवलं नव्हतं, ते अठ्ठावन्नाव्या वर्षी जाणवलं. कोपऱ्यावरच्या आपल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला आहे का?" मी म्हटलं, "माझ्या ताईला, लहानपणापासून अर्धशिशी." ते म्हणाले, "मग तेच असेल. घराण्यात चालत येतं हे." आणि गोळ्या लिहून दिल्या.

खरं सांगू? दुखत होतं, तरी घरी येताना मला बरं वाटत होतं. म्हटलं, इतक्या वर्षांनी का होईना, वाटणी झाली.

हे मनीला सांगितलंस तरी चालेल.

मुंगी

१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, प्रश्नपत्रिकाच ती. मनीचं अक्षर दिसलं पाकिटावर. म्हणजे पत्ता घालायलाही आता तिलाच बसवतेस.

उजेड सहन होतो का? होतो. दुकानात दिवा कानाशी घेऊन बसते मी, तुझ्यासारखं अंधारात लोळायला मला कोण देणार? मळमळतं का, उलटी होते का? नाही. दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या वेड्यावाकड्या रेषा दिसतात का? त्या तुझ्याकडेच ठेव. येतं-जातं की सारखं असतं? सारखं. तुझी अर्धशिशी दोन दिवस राहून निघून जायची, मग तू न्हाऊन-माखून, ताजीतवानी होऊन बाहेर यायचीस आणि आई तुझ्यासाठी काहीतरी गोड करायची. माझी मुक्कामालाच आली आहे. हललेली नाही. तेव्हा कोणाचं दुखणं मोठं हे तूच ठरव.

गोळ्यांनी फरक? तासभर.

आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते. डाव्या बाजूने कंगवा फिरवता येत नाही. केसांना नुसता हात लागला तरी जीव जातो. उशीवर त्या कुशीला होता येत नाही. सकाळी खांदे इतके आखडलेले असतात की हात वर जायला चहाचे दोन कप पोटात जावे लागतात. यांना म्हटलं, "जरा वेणी घालून द्या." नवरा माझा, जन्मभर बसच्या इंजिनात हात घातलेला माणूस. असा पेड घातला की दोरखंड बरा. दुकानात आलेली एक बाई म्हणाली, "काकू, बारीक झालात हं, छान दिसता." मी दोन दिवस त्यावर खूश होते.

चावताना जबडाही दुखतो. पावाचा कडक काठ चार वेळा चावला की थांबावं लागतं, जरा वेळाने पुन्हा चावता येतं. ते दाताचं आहे. दातवाल्या डॉक्टरकडे जाऊन आले, त्याने दाढ घासून दिली. त्याला डोक्याचं काही बोलले नाही आणि आपल्या डॉक्टरांना दाताचं बोलले नाही. ज्याचं त्याला.

मनीने फोटो पाठवला होता, तुम्ही दोघी तळ्याकाठी. तिच्या अंगात तुझा निळा स्वेटर होता. मी विणून दिलेला तपकिरी तिने नेला होता ना? की तुमच्याकडे थंडीसुद्धा निळ्याच रंगाची पडते?

मुंगी

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं कुरियर आलं. एका पानाच्या पत्राला कुरियर! दारातल्या माणसाने सही घेतली तेव्हा हे म्हणाले, "काय गं, सगळं ठीक ना तिकडे?" मी म्हटलं, "ठीक आहे, ताईला हुकूम सोडायचा होता."

तुझंच वाक्य तुला वाचून दाखवते. "मुंगे, हे माझं दुखणं नाही. अर्धशिशी काय चीज आहे ते मी जन्मभर बघते आहे, ती साठीच्या उंबरठ्यावर अशी पहिल्यांदा दार ठोठावत नाही. पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेलं डोकं, केसांना हात लावू न देणारं, आणि त्यात चावताना जबडा दुखणं, हे डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं लक्षण आहे. हे काय आहे ते मला ठाऊक नाही, पण ते काय नाही एवढं नक्की ठाऊक आहे. हे पत्र वाचशील त्याच दिवशी जा. दाताचं आणि डोक्याचं एकाच माणसाला सांग."

वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्तक आधीच पेटलेलं, म्हणून फार लांब जावं लागलं नाही तिला.

म्हणजे माझं डोकंसुद्धा तुला पसंत नाही? तू पहिली यायचीस, तुझा आवाज गोड, तुझं अक्षर वळणदार, लग्न न करता राहिलीस तरी लोक म्हणाले केवढी खंबीर. मी म्हटलं चला, एक गोष्ट तरी आपल्या दोघींची सारखी निघाली. तर तुझा शेरा आला, नापास. खरी अर्धशिशी फक्त मुख्याध्यापिकाबाईंची.

वर मनीचा फोन. "आई, मावशी म्हणते ते ऐक ना गं. ती उगाच नाही बोलत." मी विचारलं, "मी उगाच बोलते का?" तर म्हणाली, "तू ना, तिच्याशी शर्यत लावायला आजारपणसुद्धा सोडत नाहीस." असं बोलायला कोणी शिकवलं तिला? माझ्या घरात असताना नव्हती असं बोलत.

मी कुठेही जाणार नाही. लग्नसराईचे कोट आलेत दुकानात, एकाच्या पाठीला हात जाईल एवढं भोक आहे.

त्यावरून आठवलं. काल दुपारी तोच कोट घेऊन बसले होते, आणि डाव्या डोळ्यापुढे वरून काहीतरी राखाडी उतरत आलं, दुकानाचं शटर ओढावं तसं. सुई अर्धी दिसेना. मी डोळा चोळला, पाणी मारलं. चहा उकळेपर्यंत शटर पुन्हा वर गेलं. बारीक काम फार झालं की होत असेल. यांना सांगितलेलं नाही, घाबरट आहेत. तूही मनीला सांगू नकोस.

चिडलेय मी तुझ्यावर. पण पत्र कुरियरनेच पाठवते. तू पाठवू शकतेस तर मीही.

मुंगी

६ मार्च

ताई,

अक्षर मोठं आहे आणि ओळी तिरक्या जातायत, समजून घे. दवाखान्याच्या खाटेवरून लिहितेय.

मनीने तुला फोनवर सगळं सांगितलंच असेल, पण तिची हकीकत तिची. माझी मी सांगणार.

तू पत्र वाचलंस आणि माझ्याऐवजी यांना फोन केलास, ते बरं केलंस. मी उचलला नसता. हे गॅरेजमधून तसेच, तेलाच्या हातांनी दुकानात आले. त्यांनी माझ्या हातातला कोट काढून घेतला. सदतीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या हातातलं काम कधी काढून घेतलेलं नाही. म्हणाले, "डोळ्याचं माझ्यापासून लपवलंस?" आवाज चढवला नाही त्यांनी. त्यामुळेच उठले मी.

आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. यांनी तुझे शब्द पाठ केल्यासारखे सांगितले, डोकं, कंगवा, जबडा, डोळा. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. "अहो, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत." ते म्हणाले, "माझंही चुकलंच. पण आता इथे एक मिनिट थांबायचं नाही." स्वतः मोठ्या दवाखान्यात फोन लावला.

तिथली मेंदूविकारांची डॉक्टर मनीपेक्षा जेमतेम मोठी असेल. तिने माझ्या कानशिलावर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग माझी बोटं धरून तिथे ठेवली. "लागतंय काही?" लागत होतं. कातडीखाली शीर सुतळीसारखी ताठ झाली होती. उजव्या बाजूची मऊ होती, उडत होती. डावी उडतच नव्हती.

"या रक्तवाहिनीला सूज आली आहे," ती म्हणाली. "हीच सूज जबड्याच्या आणि डोळ्याच्या रक्तवाहिन्यांत आहे. जबड्याला रक्त कमी पडतं म्हणून चावताना दुखतं. डोळ्याला कमी पडलं की डोळा जातो. आधी एक, मग उपचार नाही झाले तर दुसरा. हे पन्नाशीनंतरच होतं."

"म्हणजे अर्धशिशी नाही?"

"अजिबात नाही."

ताई, डोळा जाईल म्हणाली ती, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की तू बरोबर निघालीस. पुन्हा.

रक्त घेतलं. सूज मोजणारा आकडा भलताच वर आला. कानशिलातल्या शिरेचा बारीकसा तुकडा काढून तपासायचा होता, पण तिने त्याची वाट पाहिली नाही, त्याच दिवशी शिरेतून स्टिरॉइडचं औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं थांबलं. एवढे दिवस शेजारी चालू असलेली गिरणी बंद व्हावी तसं. मी आनंदाने डोळे उघडले, तर डाव्या डोळ्याचा वरचा अर्धा भाग नव्हता. उजवा मिटला की छत दिसत नव्हतं. रात्रीतून गेला होता.

डॉक्टरीण म्हणाली, गेलं ते बहुधा परत येणार नाही. उजवा शाबूत आहे. आणखी थोडा उशीर झाला असता तर तोही गेला असता. हे बाहेर जाऊन उभे राहिले. खिडकीतून पाठ दिसत होती त्यांची.

मी तिला विचारलं, "कुरियर आलं त्याच दिवशी आले असते तर?" ती सरळच म्हणाली, "बहुतेक दोन्ही डोळे राहिले असते." गोड बोलली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

मनी त्याच संध्याकाळी पोचली. माझ्या गळ्यात पडून रडली, आणि डोळे पुसून पहिली गोष्ट काय केली? तुला फोन. "मावशी, आई बरी आहे." माझ्या समोर उभी राहून! मी मुठीत चादर धरून पडून राहिले.

तुकडा काढला त्या जागी टाके आहेत. आरशात पाहिले. टाके एकसारखे आहेत, हात चांगला आहे कोणाचा तरी, पण धागा जाड वापरलाय.

तू आली नाहीस. दाराचा आवाज झाला की मी उजवा डोळा तिकडे वळवते. मनी म्हणते मावशीला बरं नाही. माझा डोळा जातोय, आणि तरी आजारी तूच!

मुंगी

२ एप्रिल

ताई,

घरी येऊन तीन आठवडे झाले. गोळ्यांनी माझा चेहरा भोपळ्यासारखा सुजला आहे, भूक अशी की यांच्या ताटातलंही उचलते, आणि क्षुल्लक कारणावरून डाफरते. हे म्हणतात, यातलं शेवटचं गोळ्यांचं की जुनंच, ते कळायला मार्ग नाही. औषध हळूहळू कमी करायचं आहे, वर्षभर तरी लागेल. मनाने बंद करायचं नाही, पुन्हा उलटतं म्हणे.

दुकान उघडलं. सुई ओवायला वेळ लागतो. मान खाली घालून काम केलं की डाव्या डोळ्याचं उरलेलं अर्धं कामाला येतं. लोकरीवर जमतं, रेशमावर नाही. रेशमाची गिऱ्हाइकं परत पाठवली. पहिलीला पाठवताना आत जाऊन बसले थोडा वेळ. नंतरच्यांचं तेवढं नाही वाटलं.

परवा मनी काउंटरवर बसून एका शालीचं रेशमी काम करत होती. माझ्यापेक्षा सुरेख. न बघताच म्हणाली, "आई, मी नोकरी सोडते. इथेच राहते. दुकान बघते."

दोन वर्षं हे वाक्य ऐकायला मी कान टवकारून बसले होते. तू जिंकलीस असं वाटलं की मी मनात हेच वाक्य तिच्या तोंडी घालायची. आणि ते आलं तेव्हा मी तिचा हात पाहत होते. अंगठ्याला निळा रंग लागलेला, नखात खडूची पूड. शाळेत रजा टाकून इतके दिवस झाले तरी पोरगी रोज कागद घेऊन बसते, तुझ्या शाळेतल्या मुलींसाठी चित्रं काढून पाठवते.

मी म्हटलं, "काही नको. माझ्या एका डोळ्यासाठी तू तुझे दोन्ही इथे कशाला घालवतेस? परत जा."

"मावशीकडे?" तिने इतक्या सावधपणे विचारलं की मला माझीच लाज वाटली.

"मग काय धर्मशाळेत राहणार आहेस?"

तेव्हा ती रडली, आणि रडता रडता जे दाबून ठेवलं होतं ते बाहेर आलं. मी दवाखान्यात होते तेव्हा तू का आली नाहीस ते. तुझी बॅग भरलेली होती, तिकीट हातात होतं, आणि तू स्टेशनच्या बाकावर डोकं धरून बसलीस, तिथून मनीच्या मैत्रिणीने तुला घरी आणलं. त्याच्या कितीतरी आधीपासून तुझं बहुतेक रोजच दुखतं. बिस्किटांच्या डब्यात गोळ्या ठेवतेस, रोज एक, कधी दोन, आणि मनीने पाहिलं की झाकण लावून "बिस्किट हवंय का" म्हणतेस. ताई! मला एका पानात डॉक्टरकडे हाकललंस, आणि स्वतः?

ऐकून क्षणभर मला, सांगूनच टाकते, गंमत वाटली. चला, तीही चुकते. क्षणभरच. मग मात्र रात्रभर कूस बदलत राहिले.

काल तपासणीला गेले तेव्हा त्या डॉक्टरणीला तुझं सांगितलं. तिने आधी माझं सोडून तुझंच ऐकून घेतलं. घे, इथेही तूच. म्हणाली, "वेदनाशामक गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवसांपेक्षा जास्त पोटात जायला लागल्या की गोळीच डोकं दुखवायला लागते. माणूस आणखी गोळी घेतो, मग आणखी दुखतं. त्या शेवटचं कोणाला दाखवायला गेल्या होत्या?" मी म्हटलं, "मनी शाळेत शिकत होती तेव्हा." तिने कपाळाला हात लावला. "आता अर्धशिशी मुळात येऊच नये म्हणून घ्यायची औषधं आहेत. आणि येणारं डोकं असं रोजचं झालं, म्हणजे त्याची चाल बदलली, की ते नव्याने तपासून घ्यायलाच हवं. जुनं आहे, ओळखीचं आहे, म्हणून सोडून द्यायचं नाही. गोळ्या एकदम त्यांच्या त्यांनी बंदही करायच्या नाहीत."

तुमच्या शहरात तिच्या वर्गातली एक डॉक्टर आहे. तिची वेळ घेतली आहे, येत्या सोमवारी सकाळची. विचारलं नाही तुला. मनीची नोकरी तरी कुठे विचारून शोधली होतीस?

शनिवारच्या गाडीने आम्ही दोघी निघतोय. हे दुकानात बसतील, गिऱ्हाइकाला "बाई गावाला गेल्यात" एवढं सांगता येतं त्यांना. तुझ्याकडे मी भिंतीकडेच्या खाटेवर झोपणार, डाव्या कुशीला कोणी धडकायला नको. तुला स्वयंपाक करायला लावणार नाही, पण मनीसमोर माझी वेणी तू घालायचीस. यांचे दोरखंड आता पुरे झाले.

सोमवारी डॉक्टरकडे आत एकाच माणसाला सोबत सोडतात म्हणे. मनी म्हणाली, "मी जाते, मावशीचं सगळं मला ठाऊक आहे." मी तिला स्पष्ट सांगितलं, तू बाहेर बस. गोळ्या किती घेतल्या ते ती सांगेल, पण तू खोटं बोलायला लागलीस की तुझी उजवी भुवई हलते, हे तिला काय ठाऊक? दोन वर्षांची ओळख तिची. आत मी येणार. ती तुझी भाची आहे, नुसती भाची. बहीण मी आहे.

मुंगी